आधी ताळा, मग प्रोग्राम: जमीन, भाषा, पाऊस आणि ऊस संगणकावर मांडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी माध्यमातून शिकून पुढे अभियांत्रिकीला किंवा बी.एस्सी.ला गेलेल्या मुलामुलींबरोबर बसताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. त्यांना गणित येते आणि प्रोग्रामिंगही येते, परंतु हे दोन विषय त्यांनी दोन वेगळ्या वह्यांत ठेवलेले असतात. संगणकाच्या तासाला मूळ संख्या शोधायच्या, गणिताच्या तासाला समीकरणे सोडवायची. आणि संध्याकाळी घरी वडील जमिनीचा उतारा किंवा उसाचे बिल पुढ्यात घेऊन बसले असतील, तर तो कागद मात्र या दोन्हींपैकी कोणत्याच वहीत बसत नाही. तो कागद वहीत कसा आणावा, एवढेच येथे सांगायचे आहे. वाचकाला पायथनमधील अट, आवर्तन, यादी आणि फंक्शन या चार गोष्टी ठाऊक आहेत असे धरले आहे. ज्यांना त्या ठाऊक नाहीत, त्यांना यातील निम्मे काम साध्या स्प्रेडशीटवरही करता येईल.

संगणक सुरू करण्यापूर्वी

कोणताही विषय प्रोग्रामिंगला जोडताना आधी कागदावर तीन गोष्टी उतरवाव्यात. पहिली म्हणजे प्रश्न, आणि तोही त्या विषयाच्या भाषेत व एककांसह: क्षेत्र असेल तर एकरात की हेक्टरात, ऊस असेल तर क्विंटलमध्ये की टनात. दुसरी म्हणजे हाताने शेवटपर्यंत सोडवलेले एक लहान उदाहरण. तिसरी म्हणजे ताळा. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते सगळे गणित तिथेच अडते.

आपल्या आजोबांच्या पिढीला ताळा हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. मोठा गुणाकार केला की अंकांच्या बेरजा घेऊन नवाचा ताळा करून पाहायचा, ही शाळेतली सवय होती. त्या ताळ्याची मर्यादाही त्यांना माहीत असे. ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले, तर अंकांची बेरीज तीच राहते आणि नवाच्या ताळ्याला चूक सापडत नाही. प्रोग्रामचेही असेच आहे. प्रोग्राम चालला, लाल अक्षरांत चूक आली नाही, उत्तरही छापले गेले, एवढ्यावरून उत्तर बरोबर ठरत नाही. संगणकाला फक्त व्याकरण तपासता येते. उत्तर शेतात, पावसात किंवा बिलात बसते का, हे त्या त्या विषयातूनच तपासावे लागते. म्हणून प्रश्न विषयातून घ्यावा, ताळाही विषयातून घ्यावा, आणि मधला रस्ता गणिताने व प्रोग्रामने पार करावा.

एकर, गुंठे, आणे

सुरुवातीला जमिनीचे उदाहरण घ्यावे असे मी सुचवतो, कारण सीमाभागात ते जरा जास्तच रंगते. कर्नाटकातील जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे यांत असते. ४० गुंठ्यांचा एकर, आणि १६ आण्यांचा गुंठा. शेजारच्या चंदगड किंवा कागल तालुक्यातला सातबारा मात्र हेक्टर आणि आर यांत बोलतो. ज्या कुटुंबाची जमीन दोन्ही राज्यांत आहे, त्याला एकूण क्षेत्र सांगायचे झाले तर एककांचे रूपांतर करण्यावाचून गत्यंतर नसते.

माझ्या मामांच्या जमिनी अशाच दोन्हीकडे आहेत. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने त्यांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला आणि उताऱ्यावरचे ‘दोन एकर पंधरा गुंठे’ हे क्षेत्र २.१५ असे भरले. कागद छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला, आकडा वाचला आणि म्हणाले, “दहा गुंठ्यांचा पाव एकर. मग पंधरा गुंठे म्हंजे सव्वादोनच्या वरच झालं की रे. तुझं यंत्र खाली दाखवतंय. नऊ गुंठे कुठं गेले माझे?” त्यांचे बरोबर होते. १५ गुंठे म्हणजे ०.३७५ एकर; खरे क्षेत्र २.३७५ एकर, मी धरलेले २.१५, आणि फरक ०.२२५ एकर, म्हणजे बरोबर नऊ गुंठे. प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती; चूक माझ्या दशांश चिन्हात होती. मामांनी तोंडी केला तो ताळा, आणि तो मी आधी करायला हवा होता.

या प्रकारात आणखी एक खोल खड्डा आहे. दोन एकर दहा गुंठे हे क्षेत्र स्प्रेडशीटमध्ये २.१० असे लिहिले, तर शेवटचे शून्य बिनमहत्त्वाचे समजून ते गाळले जाते आणि २.१ उरते. मग दोन एकर एक गुंठा आणि दोन एकर दहा गुंठे यांत काही भेदच राहत नाही, आणि मूळ कागद हाताशी नसेल तर कोणते खरे हे कोणालाही सांगता येत नाही.

उपाय असा. एकर, गुंठे आणि आणे तीन वेगळ्या रकान्यांत घ्यावेत आणि प्रोग्रामच्या आत सर्व क्षेत्र सर्वांत लहान एककात, म्हणजे आण्यांत, पूर्णांक म्हणून ठेवावे. एकराला ४० ने गुणून गुंठे मिळवावेत, आलेल्या बेरजेला १६ ने गुणून आणे मिळवावेत. उदाहरणार्थ २ एकर १५ गुंठे ८ आणे म्हणजे ९५ गुंठे ८ आणे, म्हणजेच १५२८ आणे. बेरीज-वजाबाकी आण्यांतच करावी आणि उत्तर दाखवताना मात्र उलटे जावे: ६४० ने भागून एकर, उरलेल्या बाकीला १६ ने भागून गुंठे, आणि शेवटची बाकी म्हणजे आणे. गणितात याला मिश्र आधाराची संख्यापद्धती म्हणता येईल. तास, मिनिटे आणि सेकंद हा त्याचाच दुसरा नमुना आहे, त्यामुळे एक फंक्शन नीट लिहिले की त्यातील ४० आणि १६ बदलून ते वेळेलाही वापरता येते.

येथे ताळा कसा लावावा? एक आण्यापासून ६४०० आण्यांपर्यंत, म्हणजे दहा एकरांपर्यंत, प्रत्येक संख्या आवर्तनात घ्यावी, तिचे एकर-गुंठे-आणे करावेत, त्यांचे पुन्हा आणे करावेत आणि मूळ संख्या परत मिळते का ते पाहावे. त्याचबरोबर गुंठे कधीही ३९ च्या वर आणि आणे कधीही १५ च्या वर जात नाहीत, ही अटही तपासावी. संगणक हे काम डोळ्याचे पाते लवण्याआधी संपवतो, आणि हातावर दोन-चार उदाहरणे घेऊन जे समाधान मिळत नाही ते मिळते.

हेक्टरात जाण्यासाठी गुंठ्याची व्याख्या धरावी. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. आर हा १०० चौरस मीटरचा. म्हणून गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असून सारखे नाहीत, आणि बोलताना लोक ते सारखेच समजतात. वरचे १५२८ आण्यांचे क्षेत्र सुमारे ९६६२ चौरस मीटर, म्हणजे साधारण ९६.६ आर भरते. गुंठा म्हणजेच आर असे समजून चालले तर ९५.५ आर येईल. फरक एका आराहून थोडा जास्त आहे. गप्पांत तो चालतो, खरेदीपत्रात चालत नाही.

शेताचा आकार

कागदावरचे क्षेत्र झाले, आता प्रत्यक्ष शेत. चार बाजूंचे शेत मोजण्याची गावातली रीत अशी की समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ही रीत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सनाच्या सातव्या शतकात ती नोंदवली, आणि तिने येणारे क्षेत्रफळ ‘स्थूल’ असते हेही स्पष्ट सांगितले. स्थूल म्हणजे किती, हे आपण मोजून पाहू.

समजा शेताचा एक कोपरा हा आरंभबिंदू धरला आणि चारही कोपऱ्यांचे पूर्वेकडचे व उत्तरेकडचे अंतर मीटरमध्ये असे आले: पहिला ० आणि ०, दुसरा ६० आणि ०, तिसरा ७० आणि ५०, चौथा १० आणि ४०. कोपऱ्यांवरून क्षेत्रफळ काढण्याची रीत सोपी आहे. एका कोपऱ्याचे पूर्व-अंतर पुढच्या कोपऱ्याच्या उत्तर-अंतराने गुणावे. त्यातून पुढच्या कोपऱ्याचे पूर्व-अंतर गुणिले या कोपऱ्याचे उत्तर-अंतर वजा करावे. सर्व कोपऱ्यांसाठी असे करून बेरीज घ्यावी आणि शेवटी तिची निमपट करावी. आपल्या शेतासाठी चार पदे अनुक्रमे ०, ३०००, २३०० आणि ० येतात. बेरीज ५३००, निमपट २६५०. शेत २६५० चौरस मीटर, म्हणजे २६.१९ गुंठे. गावच्या रीतीने बाजू ६०, ५०.९९, ६०.८३ आणि ४१.२३ मीटर धरून केलेला हिशेब सुमारे २७.५ गुंठे देतो. म्हणजे सव्वा गुंठ्याहून जास्त क्षेत्र हवेतून आले. या रीतीची चूक नेहमी वाढीच्याच बाजूला असते आणि शेत काटकोनी आयत असेल तेव्हाच ती शून्य होते, हे ध्यानात घेतले तर विकणाऱ्याला ही रीत का आवडते ते कळते.

प्रोग्रामात हे लिहिताना कोपऱ्यांची यादी घ्यावी आणि आवर्तनात प्रत्येक कोपऱ्याला पुढच्या कोपऱ्याशी जोडावे. शेवटच्या कोपऱ्याचा ‘पुढचा’ म्हणजे पहिला, हे नव्याने शिकणारे हटकून विसरतात. त्यासाठी क्रमांकाला एकूण कोपऱ्यांच्या संख्येने भागून बाकी घ्यावी; चौथ्यानंतर पुन्हा पहिला आपोआप येतो. कोपरे घड्याळाच्या दिशेने भरले तर उत्तर ऋण येते, म्हणून शेवटी केवलमूल्य घ्यावे. कोपरे बांधावरून चालत गेल्याच्या क्रमानेच भरावेत. क्रम चुकला तर कडा एकमेकींना छेदतात आणि उत्तर निरर्थक येते. येथील ताळाही सोपा आहे: सर्व कोपरे शंभर मीटर पूर्वेला सरकवले तर क्षेत्र बदलता कामा नये, कारण शेत उचलून दुसरीकडे ठेवले तरी त्याचे गुंठे तेवढेच राहणार.

मोबाइलच्या जीपीएसवरून कोपरे घेतले तर ते अक्षांश-रेखांशांत मिळतात आणि येथे भूगोल गणिताच्या मदतीला येतो. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो, परंतु रेखांशाचा एक अंश सुमारे १०७.१ किलोमीटरच भरतो, कारण विषुववृत्तापासून दूर जावे तसे रेखांश एकमेकांच्या जवळ येतात आणि अंतर अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. दोन्हीकडे सरसकट १११ घेतले तर क्षेत्र जवळपास चार टक्क्यांनी वाढते, म्हणजे अडीच एकरांवर चार गुंठे. शिवाय मोबाइल स्वतःच काही मीटर चुकतो. ४५ मीटर रुंदीच्या शेताच्या लांबीत ३ मीटरचा फरक पडला तरी १३५ चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याहून अधिक, इकडेतिकडे होतात. या प्रोग्रामचे उत्तर समजण्यापुरते आहे. बांधाचा वाद सरकारी मोजणीनेच मिटवावा.

बरोबरचे चिन्ह आणि गाळलेले शून्य

गणित आणि प्रोग्रामिंग यांच्यातील एक भेद आरंभीच मनात पक्का करावा. गणितात ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ हे विधान खोटे आहे. अशी कोणतीही संख्या नाही. प्रोग्रामात तेच वाक्य आज्ञा असते: क्ष नावाच्या डब्यात जे आहे त्यात एक मिळवून ते पुन्हा त्याच डब्यात ठेव. मराठी माध्यमातल्या मुलांना मी ‘बरोबर’ असे न वाचता ‘डब्यात ठेव’ असे वाचायला सांगतो, आणि निम्मा गोंधळ तेथेच संपतो.

याच्या सरावासाठी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या गणितप्रेमी शिक्षकाने दाखवून दिले की चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे सर्व अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून जी मोठी संख्या होते, तिच्यातून चढत्या क्रमाने लावलेली लहान संख्या वजा करावी, आणि असे करत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेथेच राहते. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

हा प्रोग्राम दहा-बारा ओळींत होतो आणि बहुतेकांचा पहिला प्रयत्न २१११ वर फसतो. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. संगणक ते ९९९ असे ठेवतो. तीन अंकी ९९९ उलटसुलट कसेही लावले तरी ९९९ च, वजाबाकी शून्य, आणि मूल येऊन सांगते की कापरेकर चुकले. पुढचे शून्य जपले, म्हणजे संख्या नेहमी चार अंकांची करून घेतली, तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, आणि शेवटी ६१७४. जमिनीच्या उताऱ्यात शेवटचे शून्य हरवले होते, येथे पहिले. संख्या आणि संख्येचे लिखित रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडे एकाच पद्धतीने कळते. फंक्शन तयार झाले की सारख्या अंकांच्या संख्या वगळून सर्व चार अंकी संख्यांवर ते चालवावे आणि किती संख्यांना किती पायऱ्या लागतात याचा तक्ता करावा. आठवी पायरी कुठे दिसली, तर प्रोग्राममध्ये चूक आहे.

मराठी मजकूर

भाषेचे काम म्हणजे गणित नाही, असा समज असतो. आपल्या भागात एकाच गावाचे नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत आणि मराठीतही दोन-तीन शुद्धलेखनांत मिळते. बेळगाव, बेळगांव, बेळगावी. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, म्हणून जुन्या आणि नव्या कागदांतही फरक आहे. माणसाला हे एकच गाव आहे हे दिसते. संगणकाला ती तीन गावे वाटतात. गावांची यादी हाताळायची असेल तर प्रत्येक गावाला एक ठरलेले नाव आणि त्याखाली त्याची सर्व रूपे, असा तक्ता आधी हाताने करावा. याला दुसरा रस्ता नाही, आणि हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य करूनच बसावे.

पायथनला ‘बेळगाव’ या शब्दाची लांबी विचारली तर ते ६ सांगते, कारण काना आणि मात्रा तेथे वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘क्षेत्र’ या दोन अक्षरी शब्दाची लांबी ७ येते. म्हणून शब्दकोडे, वृत्तातील अक्षरगणना किंवा नाव ठराविक जागेत बसवणे, यांपैकी काहीही करायचे असेल तर अक्षर म्हणजे काय याची व्याख्या आपण लिहून द्यावी लागते: व्यंजन, त्याला हलन्ताने जोडलेली पुढची व्यंजने, आणि मागून येणारी स्वरचिन्हे किंवा अनुस्वार मिळून एक अक्षर. ही व्याख्या लिहिणे म्हणजे व्याकरण, आणि ती आवर्तनात बसवणे म्हणजे प्रोग्रामिंग.

अकारविल्ह्यांतही असाच घोळ आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ च्या लगेच नंतर आणि ‘व’ च्या आधी आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’ नंतर येते. साधी क्रमवारी लावली तर ‘ळ’ चे शब्द भलत्याच जागी जातात. आपला क्रम यादी म्हणून देऊन त्यानुसार लावणी करावी.

नावांवरून आणखी एक सूचना. पायथनमध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात, आणि ती द्यावीत. मात्र ‘उतारा’ असे मोघम नाव कधीही देऊ नये. जमिनीचा उतारा वेगळा, साखरेचा उतारा वेगळा, पाठ्यपुस्तकातला उतारा वेगळा, आणि तिकटीवर लिंबू-मिरच्यांसह ठेवतात तो तर फारच वेगळा. अंकांबाबत मात्र जपून राहावे. वापरणाऱ्याने भरलेल्या मजकुरातले देवनागरी अंक पायथन संख्येत बदलून देतो, पण प्रोग्रामच्या ओळीतच देवनागरी अंक लिहिले तर तो अडून बसतो.

पावसाची सरासरी

थोडे संख्याशास्त्र. खानापूर तालुक्यात कणकुंबीला, जेथे मलप्रभा उगम पावते, पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात अथणी पर्जन्यछायेत आहे. दोन्हींची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तेवढा पाऊस ना कणकुंबीला पडतो ना अथणीला. म्हणून सरासरी छापण्यापूर्वी किमान, कमाल आणि मध्यक शेजारी छापावेत, आणि शक्य असेल तर तालुकावार आलेख काढावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणून एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर. या एका ओळीवर घराच्या छपराचे पाणी साठवण्याचा सगळा हिशेब उभा राहतो.

   

उसाचे बिल

आता ज्याच्यासाठी एवढी तयारी केली तो कागद. उसाला केंद्र सरकार दर हंगामाला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवते, आणि तो साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या शेकडा प्रमाणाला, बांधलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्याहून वर प्रत्येक ०.१ टक्का वाढीला ३.४६ रुपये जादा, खाली प्रत्येक ०.१ टक्का घटीला तेवढेच कमी. परंतु उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी ३२९.०५ रुपयांहून कमी नाही. हा उतारा कारखान्याचा धरतात, एकट्या शेतकऱ्याच्या उसाचा नव्हे.

गणिताच्या भाषेत हे तुकड्यातुकड्यांनी दिलेले फल आहे: ९.५ पर्यंत सपाट रेषा, पुढे तिरकी रेषा. आलेख कागदावर काढावा आणि मग दोन्ही तुकडे ९.५ वर जुळतात का ते पाहावे. १०.२५ पासून ९.५ पर्यंत ०.७५ टक्के, म्हणजे साडेसात पायऱ्या. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. ३५५ मधून वजा केले की ३२९.०५. मेळ अचूक बसला, आणि त्यातून एक जास्तीची गोष्ट कळली: नियम करणाऱ्यांनी अर्धी पायरीही मोजली आहे. म्हणजे घट प्रमाणात धरायची, पूर्ण पायऱ्यांतच नव्हे. हे कोणी तोंडी सांगितले नव्हते. गणिताने आकड्यांतूनच काढून दिले.

आता प्रोग्राम. उतारा १०.८५ टक्के असेल तर पायऱ्या सहा, दर ३५५ अधिक २०.७६, म्हणजे ३७५.७६ रुपये क्विंटल, ३७५७.६० रुपये टन. हे हाताने केलेले उत्तर वहीत लिहून ठेवावे. मग पायथनमध्ये १०.८५ मधून १०.२५ वजा करून ०.१ ने भागावे आणि, येथे पायऱ्या नेमक्या सहाच असल्यामुळे काही बिघडणार नाही असे समजून, अपूर्णांक गाळावा. उत्तर सहा न येता पाच येते. कारण १०.८५ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही. ती केसभर लहान साठवली जाते, भागाकार ५.९९९ आणि पुढे अनेक नऊ असा येतो, आणि गाळल्यावर पाच उरतात. एक पायरी म्हणजे टनामागे ३४.६० रुपये. चाळीस टन उसावर १३८४ रुपये एका केसाने गेले. काट्यावरची काटामारी निदान सगळ्यांना ठाऊक असते. ही कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उपाय तोच, आण्यांचा. उतारा टक्क्याच्या शंभराव्या भागांत पूर्णांक म्हणून ठेवावा: १०८५ वजा १०२५ म्हणजे ६०. पैसे रुपयांत न ठेवता पैशांत ठेवावेत. प्रत्येक शंभराव्या भागाला ३४.६ पैसे, म्हणून ६० गुणिले ३४६ करून शेवटी एकदाच दहाने भागावे, २०७६ पैसे. भागाकार नेहमी शेवटी ठेवावा आणि पूर्ण पैसा कुठे करायचा हे एकाच ठिकाणी ठरवावे. फंक्शनला उतारा आणि हंगाम द्यावा, त्याने दर परत द्यावा. तोडणी-वाहतूक आणि इतर कपाती वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवाव्यात, कारण दर हा नियमाचा विषय आहे आणि कपात हा बिलाचा; दोन्ही एकत्र केले की चूक कोठे आहे ते शोधता येत नाही.

ताळ्यासाठी चार उतारे घ्यावेत: ९.०, ९.५, १०.२५ आणि १०.८५. पहिल्या दोन्हींचे उत्तर ३२९.०५ यावे, तिसऱ्याचे ३५५, चौथ्याचे ३७५.७६. सीमेवरची संख्या तपासण्यातून कधीही वगळू नये, कारण ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा समान’ यांतील गोंधळ तेथेच दडलेला असतो. या उदाहरणात दोन्ही तुकडे ९.५ वर जुळत असल्यामुळे तो गोंधळ झाला तरी उत्तर बिघडत नाही, परंतु इतरत्र एवढे नशीब साथ देत नाही.

दराचे आकडे फंक्शनच्या पोटात लिहू नयेत. हंगामानुसार वेगळ्या तक्त्यात ठेवावेत. २०२४-२५ च्या ओळीत ३४०, ३.३२ आणि ३१५.१० हे आकडे, २०२५-२६ च्या ओळीत ३५५, ३.४६ आणि ३२९.०५. जुन्या ओळीलाही तोच साडेसात पायऱ्यांचा ताळा लावून पाहावा: साडेसात गुणिले ३.३२ म्हणजे २४.९०, आणि ३४० वजा २४.९० म्हणजे ३१५.१०. पुढच्या हंगामाचा दर जाहीर झाला की तक्त्यात एक ओळ वाढवावी, आणि हा ताळा बसल्याशिवाय बिल छापू नये.